‘म्या’ कुठे, ‘मी’ कुठे

परवा सकाळी नात अंगणातल्या बाजेवर पुस्तक आपटून ओरडली, "आजोबा, फ्लाय हे ट्रान्झिटिव्ह की इनट्रान्झिटिव्ह?" आणि माझ्या बशीतला चहा धोतरावर सांडला. परीक्षा तिची, धडधड माझी! डॉक्टरांनी मला जिना चढायला बंदी केली आहे. पण मार्चचं ऊन अंगणात उतरलं, शेजारच्या कुठल्या तरी घरातून पाठांतराचा एकसुरी आवाज येऊ लागला, की माझं काळीज माझं ऐकत नाही. ते सरळ अकोल्याला जाऊन परीक्षेच्या बाकावर बसतं, दौतीत टाक बुडवतं आणि घंटेची वाट पाहतं.

"दोन्ही," मी म्हणालो.

"दोन्ही कसं असेल? एकच लिहायचंय."

"पाखरू उडतं तेव्हा अकर्मक. तू पतंग उडवतेस तेव्हा सकर्मक. इंग्रज दोन्हीला फ्लायच म्हणतो."

तिनं मान हलवली आणि लिहून टाकलं. तिचं काम दोन मिनिटांत झालं. मला हेच समजायला मॅट्रिकचे दोन नापास निकाल, एक लग्न आणि एक तुरीचं खळं लागलं होतं.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. रिठद हे माझं गाव, आणि गावच्याच शाळेत मी कच्चा मास्तर होतो. कच्चा म्हणजे तात्पुरता. वाशीमच्या हायस्कुलात शिकलो होतो, मॅट्रिकला दोनदा बसलो होतो आणि दोन्ही वेळा इंग्रजीत आपटलो होतो. इंग्रजीतही निबंधात नाही, भाषांतरात नाही. घोडं अडायचं ते व्याकरणात, आणि व्याकरणातही क्रियापदापाशी. कोणतं क्रियापद सकर्मक, कोणतं अकर्मक, याच्या मी याद्या पाठ केल्या होत्या. ईट, गिव्ह, टेक एका बाजूला. स्लीप, गो, कम, डाय दुसऱ्या बाजूला. पेपरात मात्र यादीतलं क्रियापद भलत्याच वाक्यात येऊन उभं राहायचं, आणि बाजारात ओळखीचा माणूस अनोळखी पागोट्यात दिसावा तसा मी गोंधळायचो.

मागच्या वैशाखात माझं लग्न झालं होतं. बायको इंझोरीची, शेतकऱ्याची लेक, मराठी चार इयत्ता शिकलेली. चंद्रभागा तिचं नाव. दिवाळीनंतर ती नांदायला आली. घरात माझी माय, थोरले भाऊ आणि वहिनी. भाऊ शेत पाहायचे. सकाळची शाळा सुटली की मीही शेतात जायचो, पुस्तक बगलेत धरून.

त्या हिवाळ्याच्या शेवटाचे रंग अजून डोळ्यांपुढे आहेत. कापसाची शेवटची वेचणी चाललेली, झाडांवर उरलेली बोंडं वाळून तपकिरी झालेली. तुरीचे पेंढे खळ्यावर रचलेले, आणि हवेत तुरीच्या भुसाचा तो कोरडा, गोडसर, शिंक आणणारा वास. नाल्याकाठी पळस पेटायला लागले होते. सकाळी अंगावर घोंगडी घ्यावी लागायची, दुपारी डोक्याला उपरणं. आणि या सगळ्यात मी, बावीस वर्षांचा, तुरीच्या ढिगाला पाठ लावून पुटपुटत असायचो: ईट सकर्मक, स्लीप अकर्मक, ईट सकर्मक, स्लीप अकर्मक.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी चंद्रभागा भाकरी घेऊन आली. टोपलं खाली ठेवलं आणि माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहत राहिली. जिल्द सुटलेली, पानांचे कोपरे उंदरांनी खाल्ल्यासारखे झालेले.

"मॅट्रिक झाल्यावर बी हेच पुस्तक वाचा लागते काय?" तिनं विचारलं.

आता इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. सोयरीक जुळवली ती माझ्या मामांनी. मुलगी पाहायला आम्ही इंझोरीला गेलो तेव्हा मामा तिच्या वडिलांना म्हणाले, "पोरगा मॅट्रिक झालेला हाय." मी त्याच सतरंजीवर, मामांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. हातात पोह्यांची बशी होती. मी पोहे खात राहिलो.

"अगं, मी मॅट्रिक नाही," मी चंद्रभागेला म्हणालो. "बसलो होतो दोनदा. आता मार्चमध्ये परत बसायचंय. ते तुला सांगायचं राहून गेलं."

तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं. पण आला तो राग.

"राहून गेलं? असं आपल्या मनानं राहून गेलं? त्याले काय पाय हायेत?"

"म्हणजे, तसं झालं..."

"झालं नाई. तुमी केलं. माह्या बाबानं साऱ्या गावाले सांगतलं, जवाई मॅट्रिक हाय म्हनून. अन् तुमी म्हनता झालं!"

टोपलं तिथंच टाकून ती निघून गेली. पाठमोरी, झपाझप, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीतून वाट काढत. मी भाकरी उघडली नाही.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. घरात कुणाला काही सांगितलंही नाही. मायला वाटलं, सून माहेरच्या आठवणीनं गप्प आहे. त्या दोन दिवसांत मी याद्या सोडून तिच्या त्या वाक्याचा विचार करत होतो. झालं आणि केलं. मास्तर म्हणून मी रोज पोरांना दरडावत होतो, "पाटी फुटली म्हणू नको, मी फोडली म्हण." आणि स्वतःच्या बाबतीत? सांगायचं राहून गेलं!

तिसऱ्या दिवशी दुपारी ती परत भाकरी घेऊन आली. टोपलं ठेवलं, पदर खोचला आणि खळ्याच्या कडेला मांडी घालून बसली.

"मंग आता काय ठरवलं?"

"अभ्यास करतोय ना."

"थो तं दोन साल केला. तसा नाई." तिनं पुस्तक ओढून घेतलं आणि माझ्यापुढे उघडं धरलं, उलटं. "मले शिकवा."

"तुला? इंग्रजी?"

"तुमाले जे येते थे नका शिकवू. जे येत नाई, थेच शिकवा."

आजवर मी पुष्कळ शिक्षक पाहिले, ट्रेनिंग कॉलेजात गेलो, शिकवण्याच्या पद्धतींवर व्याख्यानं ऐकली. त्या वाक्याच्या तोडीचं काही ऐकलं नाही.

मी पुस्तक सुलटं केलं आणि सुरुवात केली. क्रियापद म्हणजे करणं. काही क्रियापदांना कर्म लागतं. ‘खातो’ म्हटलं की विचार, काय खातो? उत्तर आलं तर सकर्मक. ‘झोपतो’ म्हटलं की विचार, काय झोपतो? उत्तर येत नाही, म्हणून अकर्मक. ती ऐकत होती आणि तुरीच्या शेंगा सोलत होती. मग म्हणाली, "म्हंजे फुटनं अन् फोडनं?"

मी थांबलो.

"मडकं फुटते. मडकं काय फोडते? काईच नाई, आपलं आपन फुटते. पन मी मडकं फोडते. तुटनं-तोडनं. पडनं-पाडनं. सुटनं-सोडनं. मरनं-मारनं. हेच ना?"

"हेच!" मी जवळजवळ ओरडलो. समोरच्या बाभळीवरचे होले फडफडत उडाले.

"मंग इंग्रजीत फुटनं काय असते?"

"ब्रेक."

"अन् फोडनं?"

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. ब्रेक. तेही ब्रेक! माझ्या यादीत ब्रेक सकर्मकाच्या रांगेत होतं. एकदाच. आणि दुसरं कुठं असू शकतं, हे मला दोन वर्षांत कधी सुचलं नव्हतं. "दार उघडते?" "ओपन." "आपन दार उघडतो?" "ओपन." "पिकते अन् पिकवतो?" "ग्रो, ग्रो!" मी उठून उभाच राहिलो. भूस पायाखाली करकरलं. चंद्रभागा हसायला लागली, त्या दोन दिवसांनंतर पहिल्यांदा.

"बाप्पा! साह्यबाच्या घरी दोनी कामाले एकच भांडं हाय काय?"

त्या दिवसापासून आमचं एक वेडच सुरू झालं. सकाळी ती दळायला बसली की मी जात्याजवळ पुस्तक घेऊन. दळण संपलं की मायच्या हाका येईपर्यंत दहा क्रियापदं. खळ्यावर तुरी बडवताना, बैलांना पाणी दाखवताना, पऱ्हाटी उपटताना. ती कोणतंही मराठी क्रियापद फेकायची, मी इंग्रजी सांगायचो, मग दोघं मिळून त्याच्या दोन्ही बाजू तपासायचो. भाऊ दुरून पाहायचे आणि म्हणायचे, "हे काय चालू हाय, भांडून राह्यले का तुमी?"

आणि मग ती सकाळ. फाल्गुनातली, थंडी ओसरलेली. मी काही क्रियापदांवर अडलो होतो. काय विचारलं तरी उत्तर धड येईना. चंद्रभागा ओसरीवर भाकरीचं पीठ मळत होती. अचानक तिचा हात थांबला.

"अवो, तुमी ‘म्या’ काहून नाई म्हनत?"

मला राग आला. वाशीमच्या शाळेत पहिल्याच दिवशी मी वर्गात उभं राहून म्हटलं होतं, "म्या धडा वाचला." सगळा वर्ग हसला होता. मास्तरही हसले होते. "‘म्या’ नव्हे, ‘मी’. मांजरीसारखं म्या म्या काय करतोस!" त्या दिवसापासून मी तो शब्द जिभेवरून खरवडून काढला होता. घरीसुद्धा, मायशीसुद्धा, मी पुस्तकी बोलायचो. गावात त्याबद्दल माझी थट्टा व्हायची.

"ते अशुद्ध आहे," मी म्हणालो.

"असू द्या असुद्द. पन आयका. म्या भाकर खाल्ली. म्या पानी आनलं. म्या तुमाले पायलं. आता मी गेली, मी आली, मी झोपली, मी हासली. ‘म्या झोपली’ कोनी म्हनते काय?"

मी पुस्तक मिटलं.

"झालेल्या कामात ‘म्या’ आलं का कर्म हाय. ‘मी’ आलं का नाई," ती म्हणाली. पिठाचे हात तसेच हवेत. "त्याचंबी तसंच. त्यानं खाल्लं, पन थो गेला. तुमच्या पुस्तकात हे लिवलेलं नाई काय?"

पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते माझ्या मायच्या तोंडात होतं, गाड्यावरच्या गड्याच्या तोंडात होतं, माझ्या स्वतःच्या तोंडात होतं, आणि मी ते खरवडून फेकून दिलं होतं! शुद्ध बोलणाऱ्यांच्या मराठीत दोन्हीकडे ‘मी’च, मी खाल्लं, मी गेलो. त्यांना एक खूण कमी. आम्हा वऱ्हाडी माणसांना बाळपणापासून प्रत्येक क्रियापद निवडून ठेवलेलं मिळालं होतं, आणि आम्ही त्याचीच लाज बाळगत होतो.

मी परत परत तपासलं. म्या पत्र लिवलं. म्या शेत नांगरलं. मी पडलो. मी पळालो. बसत होतं! पुस्तकातली पन्नास क्रियापदं मी त्या एका चाळणीतून काढली, मोठ्यानं, ओसरीवर येरझारा घालत. माय चुलीपासून हातात फुंकणी धरून बाहेर आली.

"काय झालं रे? तू म्या म्या काहून करून राह्यला?"

"काही नाही, माय. अभ्यास."

"आज मानसासारखा बोलला," माय म्हणाली आणि आत गेली.

अर्थात त्या चाळणीला भोकं होती. दोनच दिवसांत मी एक धडा विसरलो आणि म्हणालो, "अरे, मी विसरलो." चंद्रभागेनं लगेच पकडलं. विसरला म्हणजे काय विसरला? धडा. मग कर्म आहे. पण ‘म्या विसरलो’ कुणी म्हणत नाही. माझा चेहरा पडला. एवढी सुंदर युक्ती आणि तिला तडा! ती मात्र चोर सापडल्यासारखी खूश. दिवसभर शोधून तिनं आणखी दोन काढले. बोलणं आणि शिकणं. मी इंग्रजी शिकलो. ‘म्या शिकलो’ नाही. "हे तीन चोर हायेत," ती म्हणाली. "तोंडपाठ करा. बाकीचे इमानदार हायेत."

मला त्यावर आजही विचार करावासा वाटतो. खाणं, आणणं, फोडणं ही माणसाच्या मुठीतली कामं; तिथं भाषा माणसाला पुढं करते, यानं केलं म्हणून सांगते. पण शिकणं, बोलणं, विसरणं? ती पुरती आपल्या हातात नसतात, असं जुन्या माणसांना वाटलं असेल काय? व्याकरणाचे पंडित काय म्हणतात मला माहीत नाही. मी रिठदच्या ओसरीवरून बोलतो आहे.

परीक्षेला मी वाशीमहून रेल्वेनं अकोल्याला गेलो. निघताना चंद्रभागेनं दशम्या बांधून दिल्या. मायपुढे आम्हाला बोलता येत नव्हतं. तिनं नुसतं माझ्या हातातल्या टाकाकडे पाहिलं. गाडीत मी खिडकीबाहेर पाहत होतो, आणि जे दिसेल त्याचं क्रियापद करत होतो. धूर निघतो. इंजिन धूर सोडतं. बाई मूल उचलते. मूल रडतं. शेजारचा कापसाचा व्यापारी हळूच सरकून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

इंग्रजीचा पेपर दुसऱ्या दिवशी. हॉलमध्ये पन्नास-साठ जणांच्या टाकांची कुरकुर आणि शाईचा वास. प्रश्नपत्रिका उलटली. व्याकरणाच्या प्रश्नावर आलो आणि डोळे फाडून पाहू लागलो. ग्रो, ब्रेक, ओपन, बर्न, फ्लाय. प्रत्येक क्रियापदाची दोन-दोन वाक्यं करा, एकात सकर्मक, एकात अकर्मक.

मी हसलो. चांगला आवाज करून हसलो! देखरेख करणारे गृहस्थ ताडकन माझ्या बाकापाशी आले, माझी बाही उलटून पाहिली, बाकाखाली पाहिलं. त्यांना काही सापडलं नाही. मी लिहू लागलो. कॉटन ग्रोज इन अवर फील्ड. माय ब्रदर ग्रोज कॉटन. द पॉट ब्रोक. माय वाइफ ब्रोक द पॉट. हे शेवटचं खरं नव्हतं, पण लिहिताना इतकं बरं वाटलं की खोडलं नाही.

निकाल लागायला मृग उजाडणार होता. त्याआधी आली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. लेकीला माहेरी न्यायला चंद्रभागेचे वडील इंझोरीहून आले. उंच, सुकलेल्या अंगाचे, कमी बोलणारे. येताना घरच्या झाडाच्या आंब्यांची टोपली घेऊन आले होते. दुपारी आम्ही पाटावर बसलो. आमरस, कुरडया, पुरणाची पोळी. दोन घास झाल्यावर सासरे माझ्या भावाला म्हणाले, "आमच्या इंझोरीत मॅट्रिक झालेला जवाई माहा एकल्याचाच. कागद वाचाले लोक मले इचारतेत, जवाई कवा येतो म्हनून."

चंद्रभागा दाराआड वाढायचं भांडं घेऊन उभी होती. तिनं मला कधी सांगितलं नव्हतं की बाबांना हे सांगा म्हणून. त्या क्षणीही तिनं खूण केली नाही. निकाल महिन्याभरावर होता. पास झालो असतो तर सांगायची गरजच उरली नसती. मी एक घास घेतला. तो परत ताटात ठेवला.

"मामंजी," मी म्हणालो, "मी मॅट्रिक नाही. मुलगी पाहायला आलो तेव्हा माझ्या मामांनी सांगितलं ते खोटं होतं. दोनदा नापास झालोय. यंदा तिसऱ्यांदा बसलो, निकाल यायचाय."

भावाचा हात ताटात थांबला. माय आतून बाहेर आली.

"मामानं सांगतलं तवा तुमी तठी बसून होते ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"होतो."

"मंग?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, गैरसमज झाला. राहून गेलं. वेळ निघून गेली. एकाहून एक अकर्मक वाक्यं रांगेनं उभी होती, आणि त्यांतल्या एकाही वाक्यात मी नव्हतो.

"म्या तोंड उघडलं नाई," मी म्हणालो. "म्या फसवलं तुमाले."

किती वर्षांनी तो शब्द मी माणसांपुढं मोठ्यानं उच्चारला होता. माझी छाती हलकी झाली होती, ओझं उतरवलेल्या बैलासारखी.

सासऱ्यांनी ताटात हात धुतला. जेवण अर्धंच राहिलं. "पोरीले मालूम हाय?"

"संक्रांतीपासून."

तशी चंद्रभागा दारातून पुढे आली. "बाबा, त्याइच्या अभ्यासाले मीच बसत होती. व्याकरन म्या पाठ करून घेतलं."

"तू? इंग्रजी?"

"इंग्रजी त्याइचं. बाकीचं माहं."

त्यांनी लेकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी जुंपली. चंद्रभागा बसली. मी जूजवळ उभा होतो. ते गाडीवर चढले, कासरा हातात घेतला आणि म्हणाले, "निकाल लागला का या. नापास झाले तरी या. पन सोता या. मामाले पाठवू नका."

पुढचा महिना कसा गेला ते मला सांगता येत नाही. घरात कुणाशी बोलायचं? मी एकटा खळ्यावर जायचो. खळं उकरून नांगरलेलं, भुसाचा मागमूस नाही. उन्हानं ढेकळं तापलेली. आणि तरी, विचित्र वाटेल, पण मी दुःखात नव्हतो. माझ्या अंगात एक उतावीळ भरलेली होती. काहीही होवो, मी जाणार होतो. मी स्वतः जाणार होतो.

रोहिण्या सरता सरता वाशीमच्या वाचनालयात निकालाचं वर्तमानपत्र आलं, असं कुणीतरी बाजारच्या दिवशी सांगितलं. मी तसाच पायी निघालो. वाचनालयात टेबलाभोवती माणसांची गर्दी. दोन डोक्यांच्या मधून मला तिसऱ्या वर्गाचे नंबर दिसले. बारीक ठसे, एकमेकांना चिकटलेले. माझा नंबर होता! मी डोळे मिटले, उघडले. होता. बोट ठेवून पाहिला. कुणीतरी म्हणालं, "बोट काढा हो मास्तर, आमालेबी पाहू द्या."

मी रिठदला परत गेलोच नाही. ओळखीच्या माणसाकडे घरी निरोप ठेवला आणि कारंज्याकडे जाणारी सर्व्हिस मोटार पकडली. टपावर कापडाचे गठ्ठे, आत दुप्पट माणसं, प्रत्येक खड्ड्याला सगळ्यांचं एकदम उसळणं. मला वाटत होतं, ड्रायव्हरला सांगावं, पास झालो, जोरात हाण! मोटारीतून उतरून पुढं इंझोरीपर्यंत चाललो, काही वाट पळालो.

सासरे शेतात वखर धरून होते. मला बांधावर पाहून त्यांनी बैल थांबवले. मी धापा टाकत उभा राहिलो.

"पास," मी म्हणालो.

"कोन्त्या नंबरात?"

"थर्ड क्लास."

"म्हंजे?"

"म्हणजे शेवटचा वर्ग." मी खरं तेच सांगितलं.

त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि मग त्यांच्या सुकल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "रेल्वेत मी बी थर्ड क्लासनंच जातो. पोचतो ना!" त्यांनी वखर सोडला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घराकडे तोंड करून अशी हाळी दिली की शेजारच्या तीन शेतांतली माणसं उभी राहिली.

चंद्रभागा अंगणात वाळवण उचलत होती. हाळी ऐकून ती दारात आली, आम्हा दोघांना एकत्र येताना पाहिलं आणि काही न विचारता आत वळली. थोड्या वेळानं गूळ-पाणी घेऊन आली. सासूबाई रडत होत्या, शेजारच्या बाया जमल्या होत्या, आणि मला त्या गर्दीत तिच्याशी एक शब्द बोलता आला नाही.

बोललो ते परतीच्या मोटारीत. ती खिडकीपाशी बसली होती. मोटार सुटली. मग म्हणाली, "आता मले सातवीच्या परीक्षेले बसवा."

"तू चौथी पास आहेस. मध्ये तीन वर्षं..."

"तुमाले दोन साल लागले क्रियापदाले," ती म्हणाली. "मले तीन लागतीन."

तीन नाही, दोनच लागले. मायनं आधी नाक मुरडलं, मग सकाळचं दळण स्वतः घेऊ लागली. भाऊ म्हणाले, घरात दोन मास्तर झाले तर शेत कोण पाहील, आणि तिच्यासाठी वाशीमहून कंदिलाची नवी काच घेऊन आले. भूगोल तिला आवडायचा, गणितावर ती चिडायची. मी शिकवायला बसलो की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: हे तुमाले खरंच समजते, का नुसतं पाठ हाय? कित्येकदा मला कबूल करावं लागायचं की नुसतं पाठ आहे. मग दोघं मिळून समजून घ्यायचो.

परीक्षेचा अर्ज भरायला आम्ही वाशीमला गेलो. कचेरीत एक लांब टेबल, त्यामागे चष्मेवाला कारकून, आणि समोर अर्ज घेऊन आलेली पंचवीसेक मुलं. बाई ही एकटीच. सगळे वळून पाहत होते. आमची पाळी आली. कारकुनानं कागद ओढला, टाक बुडवला आणि मान वर न करता विचारलं, "पूर्ण नाव?"

मी पुढे झुकलो. आमच्याकडे बाया नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. लग्नात तिनं उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, आणि वाजंत्र्यांच्या गलक्यात ते मला ऐकूही आलं नव्हतं. त्यानंतर मी ‘अवो’ होतो, ‘मास्तर’ होतो, ‘त्याइले’ होतो. तेव्हा तिचं नाव, माझं नाव आणि आडनाव हे मीच सांगणार, यात मला शंका नव्हती. मी तोंड उघडलं.

तिनं हात किंचित वर करून मला थांबवलं. पदर नीट केला. टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकले.

"चंद्रभागा," ती म्हणाली. क्षणभर थांबली. "चंद्रभागा गोविंद," तिनं स्पष्ट, न अडखळता म्हटलं, आणि पुढे आडनाव सांगितलं.

कारकुनानं ते लिहून घेतलं, टीपकागद दाबला आणि विचारलं, "वय?"